ओळी मोजणारे आणि ओळी वाचणारे

साहित्याच्या विभागांना अलीकडे एक उपदेश वारंवार ऐकावा लागतो. उपदेश करणारा सहसा सज्जन असतो, त्याचा हेतूही चांगला असतो. त्याचे म्हणणे असे की सॉफ्टवेअरवाल्यांकडून काही शिका. ते लोक दोन आठवड्यांचे लक्ष्य ठरवतात, रोज सकाळी उभ्याउभ्या पंधरा मिनिटांची बैठक घेतात, प्रत्येक काम चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लावतात, किती झाले आणि किती उरले याचा आलेख काढतात. आणि तुम्ही एकेका कादंबरीवर सहा-सहा महिने काढता! आता तर यंत्र मागाल तेवढा मजकूर मिनिटभरात लिहून देते. मग तुमची उत्पादकता अशी का?

या उपदेशाशी आमचे भांडण आहे. मात्र ‘साहित्य वेगळे, यंत्र वेगळे, आमच्या वाटेला जाऊ नका’ हा साहित्यिकांचा नेहमीचा पवित्रा आम्हांला मान्य नाही. त्या पवित्र्याच्या सावलीत आळस सुखाने नांदतो, आणि तो अज्ञानावर उभा आहे हे त्याहून वाईट. आमची तक्रार अशी की उपदेशक ज्या उद्योगाचा दाखला देतो तो उद्योगच त्याला नीट ठाऊक नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतली सर्वांत विचारी माणसे गेली पन्नासहून अधिक वर्षे जे सांगत आली आहेत, ते या उपदेशाच्या विरोधात जाणारे आहे. सॉफ्टवेअरकडून शिकायचे असेल तर त्या माणसांकडून शिकावे, असे आमचे मत आहे.

आधी ‘उत्पादकता’ या शब्दाची कुळी पाहू. फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरचा ग्रंथ १९११ साली निघाला. बेथलेहेम स्टील कंपनीत लोखंडाच्या लगडी वाहणाऱ्या मजुरांचे काम दिवसाला माणशी साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेल्याचा त्यांचा दावा प्रसिद्धच आहे. दावा किती खरा यावर अभ्यासकांचे वाद आहेत. ते बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की लोखंडाची एक लगड दुसरीसारखीच असते. म्हणून तिथे मोजणीला काही अर्थ तरी होता. हातात घड्याळ घेऊन मजुराजवळ उभे राहायचे ही रीत पुढे कारखान्यातून कचेरीत आली. त्यानंतर जे घडले ते अधिक विलक्षण आहे. मुकादमाच्या हातातले घड्याळ कामगाराने आपण होऊन स्वतःच्या मनगटावर बांधून घेतले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने अभ्यासात मन लागावे म्हणून टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ समोर ठेवले. त्यातून पंचवीस मिनिटांच्या ‘पोमोदोरो’चे तंत्र निघाले. २००१ साली डेव्हिड ॲलन यांचे कामे उरकण्याच्या पद्धतीवरचे पुस्तक आले. एखाद्या विद्यार्थ्याला घड्याळ लावून अभ्यास जमत असेल तर त्याने जरूर करावा. पण साधनाचा धर्म झाला, की काय केले यापेक्षा किती उरकले हा प्रश्न मोठा होतो. आणि वाचन ही गोष्ट उरकता येत नाही.

आता सॉफ्टवेअरचीच साक्ष काढू. १९६८च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटो संघटनेच्या आश्रयाने एक परिषद भरली. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्दप्रयोग तिथून रूढ झाला. तो मुद्दाम डिवचण्यासाठी निवडला होता, असे परिषदेच्या अहवालातच नोंदले आहे. म्हणजे ज्या ‘अभियांत्रिकी’चा दाखला आज आम्हांला सिद्ध शास्त्र म्हणून दिला जातो, तिचा जन्म एका अडचणीच्या कबुलीतून झाला. मोठे प्रोग्रॅम वेळेवर होत नव्हते, झाले तर चालत नव्हते, आणि का, ते कोणाला सांगता येत नव्हते.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाची धुरा वाहिली होती. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात त्यांनी त्या अनुभवाचे सार मांडले: रखडलेल्या प्रकल्पावर आणखी माणसे घातली तर तो आणखी रखडतो. नव्या माणसाला जुन्याने समजावून सांगावे लागते, आणि जितकी माणसे वाढतात त्याहून कितीतरी वेगाने त्यांच्यातले संवाद वाढतात. पाच माणसांत दहा जोड्या होतात, दहांत पंचेचाळीस, विसांत एकशे नव्वद. ‘एका माणसाचा एक महिना’ हे माप लगडी वाहण्याला लागू पडते. परस्परांना समजून घेण्याला ते लागू पडत नाही.

ओळी मोजण्याच्या हौसेचीही एक कथा प्रसिद्ध आहे. १९८२ साली ॲपल कंपनीत ‘लिसा’ संगणकाचे काम चालू असताना व्यवस्थापकांनी दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते तक्त्यात भरण्याचा फतवा काढला. बिल ॲट्किन्सन यांनी त्याच सुमारास चित्ररेखनाच्या प्रोग्रॅमचा एक भाग नव्याने रचला होता. तो पूर्वीपेक्षा अनेक पटींनी वेगवान झाला, आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या. त्यांनी तक्त्यात भरले: उणे दोन हजार. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो तक्ता मागणेच बंद झाले. या कथेवर हसून पुढे जाणे सोपे आहे. पण कवितेचा खर्डा आणि छापील कविता शेजारी ठेवून पाहणाऱ्याला त्यात नवे काय आहे? खोडलेली ओळ हेही काम असते, आणि बहुधा तेच अवघड काम असते. एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८८च्या एका टिपणात हाच मुद्दा हिशेबनिसाच्या भाषेत मांडला: ओळी मोजायच्याच असतील तर त्या जमेला धरू नका, खर्चाला धरा.

पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची साक्ष पीटर नाऊर यांची आहे. हे डॅनिश गृहस्थ मूळचे खगोलशास्त्रज्ञ. गार्मिशच्या अहवालाच्या दोन संपादकांपैकी एक. १९८५ साली त्यांनी एक निबंध लिहिला. साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा असे आम्हांला वाटते. त्यांचा सिद्धांत असा: प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे मजकूर निर्माण करणे नव्हे. लिहिताना लिहिणाऱ्याच्या मनात त्या व्यवहाराची एक समज घडत जाते. अमुक गोष्ट अशी का केली, तशी का केली नाही, जग बदलले तर काय बदलावे लागेल, हे सारे त्या समजेत असते. मजकूर हा तिचा अपुरा अवशेष. नाऊर एका उदाहरणाचा आधार घेतात. एका गटाने तयार केलेला कंपायलर दुसऱ्या गटाने वाढवायला घेतला. सगळा मजकूर हाताशी होता, भरपूर टिपणे होती, मूळ गटाचा सल्लाही मिळत होता. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेले बदल मूळ रचनेची ताकदच नष्ट करणारे होते, आणि हे मूळ गटाला पाहताक्षणी कळत होते. नाऊर यांचा निष्कर्ष कठोर आहे. समज बाळगणारी माणसे पांगली की प्रोग्रॅम मेला, मग तो यंत्रावर चालत का असेना.

साहित्याच्या अध्यापकाला हे अनोळखी वाटू नये. छापील शब्द म्हणजे कृती नव्हे, ती वाचणाऱ्याच्या समजेत जगते, आणि ती समज पिढीकडून पिढीकडे नेणे हाच अध्यापनाचा व्यवसाय आहे, हे आपण वर्गात रोज सांगतो. मग तीच गोष्ट यंत्राच्या मंडळींनी सांगितली असताना आपण त्यांच्याकडून नेमके घड्याळच का उसने आणावे?

कोणी म्हणेल, हे सारे परदेशी पंडितांचे विचार. आपला सॉफ्टवेअर-उद्योग तर वेगावर आणि मनुष्यबळावर मोठा झाला. आम्ही त्याच उद्योगाकडे बोट दाखवतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईतल्या, बंगळूर-चेन्नईतल्या हजारो तरुणांना ज्या कामाने परदेशाचे दार उघडून दिले ते काम कोणते होते? जुन्या प्रोग्रॅमांत वर्ष दोन अंकांत लिहिलेले असे. २००० साल उजाडताच ‘००’ म्हणजे १९०० असा घोटाळा होण्याची भीती होती. त्यासाठी दुसऱ्यांनी, दुसऱ्या देशात, वीस-तीस वर्षांपूर्वी कोबॉलसारख्या भाषेत लिहिलेल्या लाखो ओळी उघडायच्या, लिहिणाऱ्याने तारीख कुठे कशी वापरली आहे ते ओळखायचे, आणि बाकी काही न मोडता तेवढेच दुरुस्त करायचे. हे वाचनच होते. परक्या भाषेतल्या, कर्ता समोर नसलेल्या जुन्या ग्रंथांचे संपादन होते. आपल्या उद्योगाच्या भांडवलातला एक मोठा वाटा वाचनातून आला. पण त्याच्या यशोगाथेत वाचणाऱ्याचे नाव सापडत नाही.

अधिक ताजे उदाहरण २०२४ सालचे आहे. ‘एक्सझेड’ नावाचे फाइल आकसून लहान करणारे एक साधन जगभरच्या लिनक्स यंत्रांवर असते. ते अनेक वर्षे मुख्यतः एक स्वयंसेवक फुकट सांभाळत होता. काम संथ चालले आहे, नवी माणसे घ्या, अशी टोचणी २०२२ साली त्याला काही अनोळखी नावांकडून वारंवार दिली गेली. मदतीला तत्पर असलेल्या एकाने हळूहळू विश्वास मिळवला, सहव्यवस्थापक झाला, आणि २०२४च्या फेब्रुवारीत निघालेल्या आवृत्तीत त्याने चोरवाट घातली. ती सर्वत्र पसरली असती तर असंख्य यंत्रांची किल्ली परक्या हातात गेली असती. ती सापडली कशी? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्याच तपासणीत दिसलेली एक विचित्र तक्रार त्यांना आठवली. ते मागोवा घेत गेले आणि २९ मार्चला त्यांनी सर्व उघड केले.

या हकिकतीतल्या दोन गोष्टी साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की चोराने ज्या फटीतून हात घातला ती फट ‘उत्पादकता कमी आहे’ या टोचणीनेच रुंद केली होती. दुसरी अशी की चोरवाट उघडणारी कळ सर्वांना दिसणाऱ्या मूळ संग्रहात नव्हती. लोकांनी उतरवून घ्यायच्या बांधलेल्या प्रतीत ती घातलेली होती. मूळ संग्रह आणि वितरित प्रत यांत पाठभेद होता! दोन प्रती शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून पाहण्याच्या कंटाळवाण्या विद्येला आपल्याकडे पाठचिकित्सा म्हणतात.

पाठचिकित्सा म्हटले की पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तिथे १९१९ साली सुरू झाले. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ साली प्रमुख संपादक झाले. आदिपर्व पूर्ण व्हायला १९३३ साल उजाडले. १९४३ साली सुकथनकर वारले; बेलवलकर आणि वैद्य यांनी धुरा पुढे नेली आणि १९६६ साली संहिता पूर्ण झाली. त्यासाठी बाराशे एकोणसाठ हस्तलिखिते तपासली गेली, सत्तेचाळीस वर्षे लागली. आजच्या दोन आठवड्यांच्या फळ्यावर ही चिठ्ठी कोणत्या रकान्यात लावणार? आणि हे केवळ संस्कृत पंडितांचे लाड होते असे कोणाला वाटत असेल, तर त्याने डोनाल्ड क्नूथ यांच्याकडे पाहावे. प्रोग्रॅमिंगच्या कलेवरचा त्यांचा ग्रंथ १९६२ साली सुरू झाला. पहिला खंड १९६८ साली निघाला, चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ साली, आणि ग्रंथ अजून पुरा झालेला नाही. मध्येच, १९७७ साली, आपल्या पुस्तकाची नव्या पद्धतीने जुळवलेली मुद्रिते त्यांना कुरूप वाटली. म्हणून त्यांनी अक्षरजुळणीची स्वतंत्र प्रणाली रचायला घेतली. वर्षभराचे वाटलेले ते काम दहा वर्षांहून अधिक चालले. जगभरचे गणितज्ञ आजही त्या प्रणालीत लिहितात. प्रोग्रॅम हा माणसाने वाचायचा निबंध आहे असे समजून लिहावा, हा आग्रह त्यांनी १९८४ साली मांडला. आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्या वाचकाला ते दोन डॉलर छप्पन सेंटांचा धनादेश पाठवत. २००८ नंतर त्याऐवजी प्रतीकात्मक प्रमाणपत्र जाऊ लागले. काळजीपूर्वक वाचणाऱ्याला मोबदला देणारा हा लेखक संगणकशास्त्राच्या अग्रभागी आहे. त्याचे नाव मात्र उत्पादकतेच्या कार्यशाळेत निघत नाही.

आता आपल्या घरातले बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने अध्यापकांसाठी ‘एपीआय’ नावाची गुणपद्धती आणली: निबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, परिषदेला इतके. २०१८च्या नियमावलीत तिचे रूप बदलले, पण प्रकाशने मोजून गुण देण्याची रीत राहिली. परिणाम काय झाला? गुण हवेत म्हणून निबंध, निबंध छापायचे म्हणून नियतकालिके, आणि नियतकालिके चालायची म्हणून पैसे. २०१८च्या मे महिन्यात आयोगाने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. ओळी मोजणारा तक्ता ॲपलमध्ये काही आठवड्यांत हास्यास्पद ठरला. आपल्याकडे त्यावर पदोन्नत्या झाल्या, आणि न वाचलेल्या निबंधांचे ढीग कपाटांत रचले गेले.

या पार्श्वभूमीवर लिहिणारी यंत्रे आली. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. २०२५च्या फेब्रुवारीत आंद्रेई कार्पाथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ असा शब्द काढला: यंत्राने लिहिलेला कोड न वाचताच स्वीकारत जायचे. त्यांनी तो हौशी, टाकाऊ प्रयोगांपुरता सांगितला होता. बाजाराने तो शब्द उचलला आणि मर्यादा सोडून दिली. त्याच वर्षी ‘मीटर’ या संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपापल्या जुन्या, परिचित प्रकल्पांवर काम करणाऱ्या सोळा अनुभवी प्रोग्रॅमरांना २४६ कामे दिली. काही यंत्राच्या मदतीने करायची, काही तिच्याविना. यंत्राच्या मदतीने काम एकोणीस टक्के अधिक वेळ खात होते. करणाऱ्यांना मात्र आपण वीस टक्के वेगाने काम केले असे वाटत होते. प्रयोग लहान आहे, साधने झपाट्याने बदलत आहेत, आणि उद्याच्या मोजणीत पहिला आकडा खुशाल उलटेल. आमचे लक्ष दोन आकड्यांमधल्या अंतराकडे आहे. मजकूर भराभर उमटताना दिसला की माणसाला काम झाल्यासारखे वाटते. याच भासावर उत्पादकतेचा सारा धर्म उभा आहे.

लिहिणे इतके स्वस्त झाल्यावर दुर्मीळ काय राहिले? यंत्राने दिलेली ओळ खरी की खोटी, इथे शोभते की नाही, काढून टाकली तर काय बिघडते, हे ठरवणारा वाचक. म्हणजे ज्याला घडवणे हे साहित्य-विभागाचे मूळ काम, तोच. आणि नेमक्या याच क्षणी आपण आपल्या विद्यार्थ्याला ‘यंत्राच्या मदतीने प्रबंध झपाट्याने कसा लिहावा’ याच्या कार्यशाळेला पाठवतो! सावकाराचे दिवाळे वाजत असताना त्याच्याचकडे ठेव ठेवायला धावावे, तशातला हा प्रकार झाला.

आमच्यावर आक्षेप येईल की वाचनाच्या नावाखाली काही न करण्याची ही सनद आहे. वाचले की नाही हे कोण तपासणार? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही सॉफ्टवेअरच देते. चांगल्या प्रकल्पात एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय आत जात नाही; वाचणाऱ्याचे शेरे, लिहिणाऱ्याची उत्तरे, फेटाळलेले पर्याय, सारे नावानिशी नोंदले जाते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेल्या ‘गिट’ या साधनाने कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याचा इतिहास कोणालाही विचारता येतो. वाचन तिथे खाजगी पुण्यकर्म नाही. ते जबाबदारीचे, सही करून करायचे काम आहे. हे आपण घ्यावे. प्रबंधाबरोबर मार्गदर्शकाने आणि परीक्षकांनी केलेल्या शेऱ्यांची नोंद सर्वांना पाहायला का मिळू नये? कोणत्या प्रकरणाचे किती खर्डे झाले आणि काय का वगळले, हे विद्यार्थ्याने का दाखवू नये? जुन्या ग्रंथाची नीट संपादित आवृत्ती, भाषांतराची मुळाशी घातलेली ताडणी, दुसऱ्याच्या निबंधातली चूक सप्रमाण दाखवणारे परीक्षण, यांना दहा परिषदांतल्या दहा निबंधांहून वरचे स्थान का असू नये?

२००१च्या फेब्रुवारीत सतरा प्रोग्रॅमर अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे जमले आणि त्यांनी ‘अजाइल’ विचाराचा जाहीरनामा लिहिला. प्रक्रियांपेक्षा आणि साधनांपेक्षा माणसांना व त्यांच्यातल्या संवादाला त्यांनी वरचे स्थान दिले होते. पुढे त्या शब्दाची प्रमाणपत्रे विकली जाऊ लागली, आणि त्याच नावाने वेगाचे आलेख निघाले. सह्या करणाऱ्यांपैकी डेव्ह टॉमस यांनी २०१४ साली जाहीरपणे लिहिले की हा शब्द आता पोकळ झाला आहे. आमच्या विभागांत पोहोचलेला फळा आणि चिठ्ठ्या म्हणजे त्याच पोकळ शब्दाचा टरफलाचा भाग आहे. दाणा केव्हाच गळाला.

म्हणून उपदेशकाला आमचे सांगणे एवढेच. तुमच्या उद्योगाकडून आम्ही शिकू; नाऊर, ब्रुक्स, क्नूथ यांना आमच्या अभ्यासक्रमात जागा देऊ. तुम्हीही एकदा भांडारकर संस्थेतल्या चिकित्सक आवृत्तीचे कोणतेही एक पान उघडा. वर संहितेच्या मोजक्या ओळी आणि खाली पाठभेदांच्या बारीक अक्षरांतल्या नोंदी. त्या नोंदींतला एकही शब्द संपादकाने निर्माण केलेला नाही. सारे त्याने वाचलेले आहे.